मुक्तविश्वातील वाट आणि खूण : अद्भुतरम्य संगणकक्रीडेच्या आस्वादाचा विचार

आस्वादाची मीमांसा करताना आपण बहुधा पूर्ण झालेली कलाकृती गृहीत धरतो. कविता लिहून झालेली असते, नाटक बसवून झालेले असते, आणि रसिक त्याच्यापुढे येऊन बसतो. गेल्या चार-पाच दशकांत मात्र असा एक प्रकार रूढ झाला आहे की, ज्यात रसिकाने काही केल्यावाचून कृती पुढे सरकतच नाही. संगणकावर खेळला जाणारा अद्भुतरम्य भूमिकाखेळ हा तो प्रकार होय. आपल्या वर्गांत येणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांना अद्भुताची गोडी आता कथा-कादंबरीइतकीच या खेळांनी लावलेली असते. असे असता मराठीच्या अभ्यासकाने या खेळांकडे केवळ करमणूक म्हणून पाहावे, हे युक्त नव्हे. ते आनंद कसा देतात, आणि त्यांतील सरस-निरस कसे ओळखावे, हा समीक्षेचाच प्रश्न आहे.

प्रथम संज्ञांचा अर्थ निश्चित करू. भूमिकाखेळ म्हणजे ज्यात खेळाडू एका पात्राची भूमिका स्वीकारतो, त्याचे गुण आणि कौशल्ये क्रमाने वाढवतो व त्याच्या वतीने निर्णय घेतो असा खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, फासे व संभाषण यांवर चालणारा खेळ या परंपरेचा आरंभ मानला जातो. मुक्तविश्व म्हणजे ज्यात कथेचा क्रम एका वाटेने बांधलेला नसून एक विस्तृत प्रदेश खेळाडूपुढे मोकळा सोडलेला असतो अशी रचना. या दोहोंस अद्भुताची जोड मिळाली की येथे विचारात घेतलेला प्रकार सिद्ध होतो.

अशा वाङ्मयाविषयीची साशंकता आपल्याकडे नवी नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा वाचकवर्ग वाढत असतानाच काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल व नाटक यांविषयीचा निबंध लिहून त्यांच्या वास्तवापासून सुटलेल्या कल्पनाविलासावर टीका केली. आज संगणकक्रीडेवर घेतले जाणारे आक्षेप ऐकताना त्या वादाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तथापि मराठे यांच्या टीकेपासून घेण्यासारखा धडा वेगळा आहे. अद्भुत खोटे असते, हा त्याविरुद्धचा खरा आक्षेप होऊ शकत नाही. अद्भुत स्वैर असते, हा होऊ शकतो. जेथे काहीही घडू शकते तेथे जे घडते त्याचे मोल उरत नाही. प्रस्तुत विवेचनाचा आधार हाच आहे.

मुक्तविश्वाच्या आनंदाचे कारण विचारले असता सर्वसाधारणपणे दोन उत्तरे मिळतात : विश्वाचा विस्तार आणि खेळाडूचे स्वातंत्र्य. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. विस्ताराचाच विचार केला तर एकाच मालिकेतील दोन कृती उद्‌बोधक ठरतात. बेथेस्डा या अमेरिकन संस्थेच्या 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतील 'डॅगरफॉल' (१९९६) या खेळातील प्रदेशाची तुलना ग्रेट ब्रिटनच्या आकारमानाशी केली जाते. त्यात सुमारे १५,००० गावे, शहरे व भुयारे आहेत. त्यांतील बहुतांश यंत्राच्या गणिती पद्धतीने रचलेली असल्यामुळे एक गाव दुसऱ्यासारखेच भासते. त्यानंतरच्या 'मॉरोविंड' (२००२) मध्ये प्रदेश कितीतरी लहान झाला. एका बेटावरची टेकडी, पूल, देऊळ व दीपगृह ही माणसांनी एकेक करून मांडली. खेळाडूंच्या स्मरणात आजही त्या बेटाच्या वाटा आहेत. पहिल्यातील हजारो गावांपैकी फारच थोड्यांचे नाव कोणी घेते. विस्तारामुळे मन दिपते, परंतु जेथे एका स्थळाचा दुसऱ्याशी अर्थसंबंध नाही तेथे ते लवकर थकते.

सोलापूरकरांना हे समजावून सांगावयास नको. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या नगराच्या परिसरात अडुसष्ट लिंगे स्थापिली. संक्रांतीच्या यात्रेत नंदिध्वज त्या लिंगांना तैलाभिषेकासाठी प्रदक्षिणा घालतात. या अंतरात आश्चर्यकारक असे काही नाही. परंतु प्रत्येक स्थान मागच्या-पुढच्या स्थानाशी कथेने, विधीने आणि पायांच्या सवयीने जोडलेले असल्यामुळे तो परिसर एक विश्व होतो. भूमीला विश्वपण येते ते अशा संबंधांमुळे.

दुसरे उत्तर स्वातंत्र्याचे. स्वातंत्र्य म्हणजे नियमांचा अभाव अशी समजूत असेल, तर खेळाच्या स्वरूपाशीच ती विसंगत आहे. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळ हे स्वेच्छेने केलेले, परंतु आपल्या मर्यादेत बंधनकारक नियमांनी चालणारे कर्म आहे असे प्रतिपादिले. याच हुइझिंगांचा १८९७ मधील प्रबंध संस्कृत नाटकातील विदूषकावर होता, ही गोष्ट आपल्याकडील अभ्यासकांना रुचावी. खेळाडूला नियम नको असतात असे नव्हे. नियम समजून घेऊन त्यांच्या आधारे स्वतःचे काही रचता यावे, ही त्याची इच्छा असते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे परिचित भूमी दिसते. सोस्यूर यांनी भाषाव्यवस्थेची तुलना बुद्धिबळाशी केली ती सर्वश्रुत आहे : सोंगटीचे मोल तिच्या लाकडात नसून इतर सोंगट्यांशी असलेल्या तिच्या संबंधात असते. पाणिनीने सुमारे ४,००० सूत्रांत जे साधले त्याचेही सार हेच की, मर्यादित नियमांतून अमर्याद प्रयोग सिद्ध होतात. उत्तम मुक्तविश्व हे अशा व्याकरणावर उभे असते. निन्टेन्डो या जपानी संस्थेचा 'द लेजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) हा खेळ काटेकोरपणे भूमिकाखेळ म्हणता येईल की नाही याविषयी मतभेद होतील, परंतु व्याकरणाचे उदाहरण म्हणून तो अपूर्व आहे. त्यात अग्नी गवताला लागतो. पेटलेल्या गवतातून ऊर्ध्वगामी वारा उठतो. त्या वाऱ्यावर छत्रीसारखे साधन उघडून खेळाडू वर जाऊ शकतो. वादळात धातूचे शस्त्र अंगावर असेल तर वीज त्याकडे ओढली जाते. पाऊस पडला की कडे निसरडे होतात. हे नियम थोडे आहेत आणि ते सर्वत्र सारखे लागू होतात. म्हणून विजेच्या वेळी तलवार शत्रूच्या पायांशी टाकून देण्याची युक्ती खेळाडूला स्वतः सुचते. ती सुचल्याचा आनंद म्हणजे पूर्वी कधी न ऐकलेले, परंतु व्याकरणशुद्ध वाक्य आपल्या तोंडून निघाल्याचा आनंद होय.

येथवर असे म्हणता येईल की, विश्व नियमबद्ध असावे आणि नियम प्रयोगक्षम असावेत. परंतु भाषेला बोलण्याप्रमाणेच वाचण्याचेही अंग असते. माझ्या मते मुक्तविश्वाच्या आस्वादाचे मर्म या दुसऱ्या अंगात, म्हणजे खेळाडूला ते विश्व वाचावे लागण्यात आहे. पुन्हा 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेकडेच वळू. 'मॉरोविंड'मध्ये एखाद्या गुहेचा शोध घ्यावयाचा असेल तर ती कोठे आहे हे गावातील पात्र शब्दांनी सांगते : अमुक पुलापासून नदीच्या कडेने उत्तरेस जा, वाट दुभंगेल तेथे डावीकडे वळ, उजाड टेकडीच्या पायथ्याशी तिचे तोंड दिसेल. हे बोलणे रोजनिशीत नोंदले जाते. पुढचे काम खेळाडूचे. त्याने मान वर करावी, टेकडी ओळखावी, चुकल्यास मागे फिरावे. चार वर्षांनी आलेल्या 'ऑब्लिव्हियन' (२००६) मध्ये पडद्यावर होकायंत्र आले आणि त्यावर इष्ट स्थळाची खूण आली. आता पात्र काय सांगते हे ऐकण्याची गरज उरली नाही. खूण ज्या बाजूस असेल त्या बाजूस चालत राहिले की झाले.

वाट आणि खूण यांतील भेद हा असा आहे. शब्दांनी सांगितलेली वाट समजण्यासाठी ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याच्या जागी उभे राहावे लागते. 'डावीकडे' या शब्दाचा अर्थ बोलणारा कोणत्या दिशेस तोंड करून उभा आहे यावर अवलंबून असतो; 'पूर्वेस' या शब्दाचा तसा नसतो. मराठीतील 'घाटावर' आणि 'तळकोकणात' या शब्दप्रयोगांत तर भूमीचा चढउतारच भाषेत उतरला आहे. अशा शब्दांचा अर्थ लावताना आपण भूमी, वक्ता आणि स्वतः यांचा परस्परसंबंध मनात उभा करतो. यासच वाचन म्हणावयाचे. पडद्यावरची खूण मात्र वाचावी लागत नाही. तिचे फक्त अनुसरण करावयाचे असते.

आपल्या वाङ्मयात याचे एक उत्कृष्ट प्रमाण उपलब्ध आहे. महानुभाव संप्रदायातील 'स्थानपोथी' हा ग्रंथ चक्रधरस्वामींच्या संचारातील स्थानांची नोंद करतो. स्वामींचे वास्तव्य कोणत्या देवळात झाले, ते देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूस दुसरे देऊळ वा नदी आहे, असा तपशील त्यात येतो. 'लीळाचरित्रा'तील घटना ज्या भूमीवर घडल्या ती भूमी पुढील पिढ्यांना ओळखता यावी, हे त्या लेखनाचे प्रयोजन होते. जो साधक ती पोथी घेऊन निघाला त्याला शब्द आणि भूमी यांची सांगड स्वतः घालावी लागली. स्थान सापडण्याच्या क्षणी त्याला जे लाभले असेल ते केवळ अंतर कापल्याचे समाधान खचित नव्हते. भक्तीचा आणि क्रीडेचा हेतू भिन्न आहे, हे उघड आहे. परंतु शब्दांवरून भूमी वाचण्याची मनाची क्रिया दोहोंत एकच आहे.

यावर असा आक्षेप येईल की, दिवसाकाठी एखादाच तास मोकळा असलेल्या नोकरदाराला टेकड्या शोधत हिंडण्याची चैन परवडत नाही, आणि ज्याची दृष्टी वा स्मरण अधू आहे त्याला खूण हाच आधार असतो. आक्षेप रास्त आहे, आणि मदत म्हणून खूण असण्यास कोणाची हरकत नसावी. शिवाय 'मॉरोविंड'मधील दिशा कधी कधी चुकीच्या निघत, व त्यात खेळाडूचे तास वाया जात, हेही मान्य केले पाहिजे. प्रश्न खूण असण्याचा नसून विश्वाची रचना तिच्यावर विसंबून करण्याचा आहे. खूण गृहीत धरली की पात्रांच्या तोंडून वाटेचे वर्णन गळून पडते. मग खूण मिटवून खेळू पाहणाऱ्यालाही ते स्थळ सापडत नाही, कारण त्या विश्वातील कोणालाच ते सांगता येत नसते. परीक्षेसाठी बाजारातले गाइड वापरणाऱ्या विद्यार्थ्याची सोय होते, हे खरे. परंतु गाइड हाताशी आहे असे धरून जर कोणी कविताच लिहू लागला, तर त्या कवितेत वाचण्यासारखे काही उरणार नाही.

या प्रवृत्तीस प्रतिसाद म्हणून जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेच्या 'एल्डन रिंग' (२०२२) कडे पाहता येते. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या या खेळात प्रकाशाची एक सोनेरी रेषा मुख्य दिशा सुचविते. बाकीचे बहुतेक सर्व खेळाडूने पडक्या वास्तू, शस्त्रांची तुटक वर्णने आणि पात्रांचे अर्धवट बोलणे यांवरून जुळवावयाचे असते. हा खेळ अवघड असूनही जगभर लोकप्रिय झाला. वाचणे सामान्यांस नकोसे असते, हा समज त्यामुळे बराच डळमळीत होतो.

आता भूमिकेचा विचार करू. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली. वाचक स्वतःचे स्वत्व न विसरता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो आणि त्या दुहेरी अनुभवात वाङ्मयानंद असतो, असे तिचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल. कादंबरीला ही उपपत्ती कितपत लागू पडते, याविषयी पुष्कळ चर्चा झाली आहे. भूमिकाखेळाला मात्र ती जणू अक्षरशः लागू पडते, आणि तेथेच तिच्यात एक भर घालावी लागते. कादंबरीचा वाचक नायकाच्या सुखदुःखाचा वाटेकरी असतो, त्याच्या कर्माचा नसतो. भूमिकाखेळात कर्माचाही वाटा येतो.

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा 'द विचर ३' (२०१५) हा आंद्रे सापकोव्हस्की यांच्या कथांवर आधारलेला खेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यात एका टेकडीखाली वृक्षात बद्ध असलेला एक आत्मा आहे. त्याला मुक्त केले तर काही अनाथ मुलांचे प्राण वाचतात. परंतु त्याच निर्णयामुळे पुढे एका गावाचा नाश होतो, एका स्त्रीचा अंत ओढवतो आणि तिचा पती आत्महत्या करतो. हे परिणाम तत्काळ दिसत नाहीत. कित्येक तासांनंतर, वेगळ्याच ठिकाणी ते समोर येतात. करुणेने केलेल्या कृतीचे फळ असे परतून आल्यावर खेळाडूला जे वाटते त्यास केवळ करुण रस म्हणता येत नाही. त्यात स्वतःच्या हाताची जाणीव मिसळलेली असते. मात्र हे साधते केव्हा? त्या आत्म्याविषयी मिळालेल्या विसंगत वार्ता, गावकऱ्यांचे भय आणि डाकिणींचे बोलणे यांतून खेळाडूने स्वतः अर्थ लावला असेल तेव्हाच. चांगल्या-वाईट निर्णयांची नोंद गुणांकांनी होत असेल तर निवड हाही एक हिशेब होऊन बसतो. भूमिकेतही वाट आणि खूण हा भेद असा आढळतो.

उरला प्रश्न अद्भुताचा. भरताने अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय सांगितला. विस्मय हा अपेक्षेच्या भंगातून निर्माण होतो. म्हणून प्रथम अपेक्षा घडावी लागते. जे. आर. आर. टॉल्किन हे व्यवसायाने भाषाभ्यासक. त्यांनी १९३९ च्या परीकथांवरील व्याख्यानात कल्पित विश्वाला अंतर्गत सुसंगती असल्यावाचून वाचकाचा विश्वास बसत नाही, असा विचार मांडला. आपल्या कथांच्या आधी त्यांनी भाषा रचल्या, यात नवल नाही. 'स्कायरिम' (२०११) या खेळात त्या परंपरेचा एक सुंदर विस्तार आहे. तेथील महासर्पांची एक स्वतंत्र भाषा रचलेली असून तिच्या लिपीत ३४ चिन्हे आहेत. डोंगरांतील प्राचीन भिंतींवर कोरलेले शब्द शोधून शिकावयाचे, आणि तीन शब्दांचा उच्चार पूर्ण झाला की त्यातून ज्वाला वा वेग प्रत्यक्ष उत्पन्न व्हावयाचा, अशी योजना आहे. महासर्पांचे युद्ध हा एक वादच असतो, ही कल्पनाही त्यात येते. शब्दाला कर्माचे सामर्थ्य देणारी ही कल्पना मंत्रपरंपरेत वाढलेल्या आपल्या मनाला परकी वाटत नाही. परंतु याच खेळाने आधीच्या कृतीतील खूण जशीच्या तशी ठेवली आहे. भिंतीपर्यंत नेणारी वाट पुष्कळदा बाणच दाखवितो. ज्या विश्वात शब्दाने पर्वत हादरतो तेथे वाट सांगण्यास मात्र शब्द लागत नाही, ही विसंगती समीक्षकाने नोंदविली पाहिजे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' (२०२०) हा खेळ उल्लेखनीय आहे. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ही कथा. दुर्गा आणि विष्णू तिचे निवेदन करतात. चित्ररचना, वास्तू व पुराणकथा यांचा त्यात केलेला उपयोग डोळस आहे. तथापि त्याची वाट एकच आहे. ते मुक्तविश्व नव्हे, आणि तसा त्याचा दावाही नाही. मोठ्या मुक्तविश्वासाठी लागणारे मनुष्यबळ व द्रव्य पाहता ही मर्यादा समजण्याजोगी आहे. निवेदनाची मूळ भाषा इंग्रजी आहे, याची कारणेही बाजाराच्या व्यवहारात शोधावी लागतील.

तरीही मराठी अभ्यासकापुढे प्रश्न उरतोच. ज्या खेळांत आपले तरुण रात्रीमागून रात्री रमतात, त्यांतील डोंगर, ओढे, शस्त्रे व वनस्पती यांची नावे ते परभाषेतून शिकतात. उद्या एखाद्याने मराठी मुक्तविश्व रचावयाचे ठरविले, तर त्याला किल्ले व मावळे यांच्या चित्रांपेक्षा अधिक कशाची तरी गरज लागेल. माण नदीकाठचा धनगर पाण्याची जागा कशी सांगतो, पंढरीच्या वाटेवरचा म्हातारा मुक्कामाचे अंतर कशाने मोजतो, सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारी माणसे एकाच चौकाचा पत्ता किती परींनी देतात, याची नोंद त्याला हवी असेल. ही सामग्री संगणकशास्त्राच्या विभागात मिळणार नाही. ती गोळा करणे हे बोलीअभ्यासाचे, म्हणजे आपलेच काम आहे, आणि ते वाट सांगणारी माणसे आहेत तोवरच होण्यासारखे आहे.